अधिक महिन्यातला जावई

॥ श्री ॥
क्लेमेंटी, सिंगापूर
११ मार्च १९९६

चि. क्षितिज, आशीर्वाद.

तुझ्या वकीलबाईंचं, हेलन यांचं, पत्र मिळालं. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं. ‘डिटेन्शन’ला मात्र डिक्शनरी लागली नाही. तू सेकंडरी टूला, म्हणजे आठवीत होतास तेव्हा शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायच्या शिक्षेचा हा शब्द आपल्या घरात रोजच्या वापरात होता. मला आधी वाटलं, कुठेतरी उशिरा पोचला असशील.

तसं नाही हे पुढच्या ओळीत कळलं. तू आणि तुझ्या जहाजावरचा कुक, प्रबोध, सिडनीच्या बंदरात उतरलात ते परत जहाजावर चढलाच नाहीत. तिथल्या सरकारला सांगितलंत की आम्ही दोघं एकमेकांचे आहोत, भारतात हा गुन्हा धरतात, परत पाठवू नका. त्यांनी पाठवलं नाही, पण सोडलंही नाही. कुंपणाच्या आत ठेवलंय आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिथेच राहायचं आहे, असं बाई लिहितात.

अंधेरीच्या खोलीवर वर्दीतले दोघे येऊन दर महिन्याला धमकावून जायचे (ते खरे होते की सोंग, देव जाणे), शेवटी त्यांनी प्रबोधचा हात मोडला, आणि मग तुझ्या काकांनीच कंपनीला कळवून तुमच्या नोकऱ्या धोक्यात आणल्या, हे सगळं मला एका परक्या बाईच्या टाइप केलेल्या पत्रातून कळावं! तू नाही लिहिलंस. कुठून लिहिणार? तीन वर्षांपूर्वी बाबा तुला बोलले, तू बॅग उचललीस, त्यानंतर तुझं अक्षर या घरात आलेलं नाही. तुझा इथे राहायचा पास एकविसाव्या वर्षी संपला, नाहीतर अडचणीत तू इकडेच आला असतास, असं मी मनाशी म्हणते. पास असता तरी आला नसतास, हेही मला ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक आहे. बाबा यार्डात जातात, जहाजांची इंजिनं उघडतात, संध्याकाळी येऊन बातम्या बघतात. तुझं नाव घरात निघत नाही. म्हणून तुझ्याबद्दल मी देवाशी बोलते. तो मध्येच उठून जात नाही.

हे पत्र बाबांना सांगून लिहिलेलं नाही.

आता माझं ऐक. मी मॅट्रिक झालेली बाई, मला कायदा कळत नाही, पण संसार कळतो. इतका गाजावाजा कशाला करायचा? दोघं मित्र म्हणून एका घरात राहिलात, गप्प राहिलात, तर कोण विचारायला येतंय? आपल्या मजल्यावर त्या दोन चिनी म्हाताऱ्या इतकी वर्षं राहतात, कोणी विचारलंय का त्यांना, तुम्ही बहिणी की कोण? तू समजूतदार आहेस. परत ये, शांतपणे राहा. देव मार्ग दाखवेल.

तब्येत सांभाळ. कागदाची दुसरी बाजू कोरी राहिली तर मला चैन पडत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

तुझी आई


॥ श्री ॥
क्लेमेंटी
२५ एप्रिल १९९६

क्षितिज,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. “आई, तू लिहिलेलं त्यांनी फायलीला लावलं. आता यापुढे काही लिहू नकोस.” तू नको म्हणालास म्हणून लगेच लिहायला बसले आहे. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

हेलन यांचंही पत्र आहे, चांगलं चार पानी. त्या बिचाऱ्या माफी मागतात. तुझ्या आईला सगळं माहीत आहे हे दाखवायला त्यांनी माझं पत्र इंग्रजीत करून दिलं होतं. अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी त्यातलं एकच वाक्य उचललं: गप्प राहिलात तर कोण विचारायला येतंय. आणि निकालात लिहिलं की अर्जदाराच्या आईच्याच मते तो मायदेशी शांतपणे राहू शकतो, सबब त्याला धोका नाही. अर्ज नामंजूर.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. साहेबाचं इंग्रजी नि माझं मराठी, दोन्हीचा अर्थ अगदी एकच होता. त्यांनी काही वाकडं केलेलं नाही. मी म्हणाले तेच ते म्हणाले. फरक एवढाच, की मी म्हटलं तेव्हा मला ते मायेचं वाटलं होतं.

आणि दुसरं कारण म्हणे, तुम्ही खरोखर जोडीचे आहात हे त्यांना पटलं नाही. तुला विचारलं, तुम्ही कुठल्या क्लबात जाता? तू म्हणालास, जहाजावर क्लब नसतो. मग विचारलं, हा माणूस तुझ्यावर प्रेम करतो हे तुला कशावरून कळलं? तू सांगितलंस, तो माझ्यासाठी भाताची खरवड काढून ठेवतो, कप्तानालाही देत नाही. साहेबांनी लिहिलंय, हे मित्रही करू शकतो.

क्षितिज, मला त्या खरवडीवरून कळलं. त्यांना नाही कळलं. त्यांच्याकडे भात पाव किलोच्या खोक्यात मिळत असेल.

प्रबोधबद्दल वाचून मात्र मी ताट बाजूला सारलं. मोठ्या खोलीत बाकीच्या पुरुषांना त्याचा अर्ज कशाबद्दल आहे ते कळलं, मग त्याच्या ताटात थुंकले, गादी उचलून न्हाणीघरात टाकली. आणि त्या डिटेन्शन केंद्राने काय केलं? तर त्याच्याच सुरक्षेसाठी म्हणून त्याला वेगळ्या खोलीत एकटं ठेवलं, जेवणही दारातून. ज्याचं ताट नासवलं त्याला कोंडलं, नासवणारे मैदानात व्हॉलीबॉल खेळतात. मी हे आपल्या समोरच्या मिसेस टॅनना सांगितलं (कोण, काय, ते नाही सांगितलं). त्या म्हणाल्या, “ऐयो, व्हाय लाइक दॅट? पनिश द राँग वन लाह!” त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं, पण मुद्दा बरोबर पकडला.

तुला त्याला भेटू देत नाहीत, कारण वेगळ्या खोलीतल्या माणसाला फक्त कुटुंबातलं माणूस भेटू शकतं. आणि तुम्ही एकमेकांचं कुटुंब आहात की नाही, याचाच तर वाद चाललाय. हा नियम ज्याने केला त्याने कधी दळण आणलेलं नसणार. पिशवी नाही म्हणून पीठ नाही, पीठ नाही म्हणून पिशवी नाही.

फेरविचार जुलैत आहे, त्या वेळी नाही म्हणाले तर दोघांना विमानात बसवतील, असं बाई लिहितात. मुंबईला उतरल्यावर कोण वाट बघत असेल, ते तू मला लिहिलं नाहीस, पण मी लहान नाही.

मार्चमध्ये लिहिलं ते मार्चमधलं. आता नवीन काय लिहायचं याचा विचार करते आहे. तोवर व्यवस्थित जेव.

आई

ता. क. बाबांना पत्रांचं कळलं असावं. पोस्टाची पेटी तेच उघडतात आणि तुझं पाकीट मला देवघरात समईखाली मिळालं. मी तिथे ठेवलं नव्हतं. 


॥ श्री ॥
क्लेमेंटी
२४ जून १९९६

चि. क्षितिज, आशीर्वाद. तुझं या खेपेचं पत्र पान भरून होतं, बरं वाटलं.

यंदा अधिक आषाढ आहे. तुला आठवत असेल तर, बुकित पंजांगला शैलाताईंकडे आम्हा बायकांचं वाचन असतं या महिन्यात. परवा त्यांनी अधिक महिन्याची कथा वाचली. सगळ्या महिन्यांना आपापला देव आहे, या जादाच्या महिन्याला कोणी नाही. मलमास म्हणून हिणवायचे त्याला, लग्न नको, मुंज नको, शुभ काहीच नको. तो रडत रडत देवापाशी गेला आणि देवाने त्याला हाकलला नाही. उलट स्वतःचंच नाव दिलं, पुरुषोत्तम. दर तीन वर्षांनी मी ही कथा ऐकते आणि ऐकताना वाती वळत असते. या वेळी वाती वळायच्या राहिल्या.

कथा संपली आणि नेहमीचं सुरू झालं. कोणाचा जावई, कोणाला किती वाण. नीताचा जावई नवा, पहिलाच अधिक महिना, तर चांदीचं निरांजन देणार आहेत. मग शैलाताई माझ्याकडे वळल्या.

“आशालता, तुमचं दर वेळचं देवळातच ना? जावयाची कटकट नाही तुम्हाला, सुटलात!”

मी म्हटलं, “यंदा जावयाला देणार आहे.”

“भाचजावई आलाय का कोणी?”

“नाही. माझाच जावई. सिडनीला असतो.”

“अहो, पण तुम्हाला मुलगी कुठे आहे?”

“मुलगी नाही. जावई आहे.”

  नीताला वाटलं मी गंमत करतेय, ती हसली आणि एकटीच हसतेय म्हटल्यावर थांबली. शैलाताईंनी चष्मा काढला.

“दत्तक वगैरे घेतली होती का तुम्ही? बोलला नाहीत कधी.”

मी म्हटलं, “माझा एकच मुलगा, क्षितिज. तो ज्याच्याबरोबर संसार करतो, तो माझा जावई. प्रबोध नाव आहे. मालवणकडचा आहे, स्वयंपाक उत्तम करतो.”

माझा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. हातातला कापूस मात्र घामाने चिकट झाला होता.  दारापर्यंत सोडायला शैलाताई आल्या, चप्पल घालेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, “अनारसेच करणार ना? पीठ आंबलं का तुमचं? माझं या दमट हवेत बुरसतंय बाई.” म्हणजे पुढच्या वाचनाला मला जायला हरकत नाही, असं मी धरलं आहे. नीता लिफ्टमध्ये माझ्याबरोबर आली नाही. जिन्याने गेली, नवव्या मजल्यावरून.

मी बसने घरी पोचेपर्यंत बातमी फोनने पोचली होती. बाबा टीव्ही बंद करून बसलेले.

“शैलाच्या घरी काय बोललीस?”

“जावई आहे म्हटलं.”

“चारचौघांत?”

“जावयाचा मान चारचौघांतच करतात.”

ते वाकून बुटाची लेस सोडायला लागले. मला वाटलं, आता उठून जातील. मग म्हणाले, “गोत्र काय त्याचं?”

“विचारलं नाही.”

“कोण, कुठला, काही विचारायचं नाही आणि जावई करून मोकळी!” आणि गेले आंघोळीला. रागात होते की कसे, मला खरंच सांगता येत नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तर मी येते आहे. हेलनबाईंना कळवलंय, साक्षीला माझं नाव घातलंय त्यांनी. भेटीचा अर्जही केलाय, तुला आणि त्यालाही. त्याच्या अर्जात नात्याची जागा होती, तिथे काय लिहिलं असेल ते तू ओळख. बाबांना तिकिटाचं सांगितलं तेव्हा “एकटी जाशील?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी यार्डातून घरी फोन आला: “विमानात शाकाहारी आधीपासून सांगावं लागतं. मी सांगितलंय.” आणि ठेवला.

बाकी भेटीत.

आई


॥ श्री ॥
क्लेमेंटी
१९ जुलै १९९६

चि. क्षितिज,

सुखरूप पोचले. तुझी भेट झाली, तुला डोळ्यांनी पाहिलं, बारीक झालास पण दात तेच आहेत, याबद्दल काही लिहीत नाही. तुझ्या भेटीच्या वेळी तू सारखा विचारत होतास, प्रबोधला भेटलीस का, कसा आहे, काय बोलला. तेव्हा मी त्याला भेटायची होते. भेटले त्यानंतर आपल्याला दोघांना बोलायलाच मिळालं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. वाचून झालं की त्याला कुठल्याही वाटेने पोचव.

अनारशांचं आधी सांगते. खसखस इथे आणू देत नाहीत, म्हणून पांढऱ्या तिळांवर थापले. पहिला घाणा तुपात हसला, सगळा विरघळून कढईभर झाला. मी घाबरले नाही, पिठात थोडी तांदळाची पिठी वाढवली आणि पुढचे जाळीदार उतरले. तेहतीस वाणाचे आणि चार वरचे. तिकडच्या विमानतळावर खाण्याचं सगळं लिहून द्यावं लागतं, मी लिहिलं. तिथल्या मुलाने एक मोडून बघितला, वास घेतला, विचारलं, “बिस्किट?” मी म्हटलं, “सन-इन-लॉ.” त्याने डबा बंद करून दिला.

केंद्रात गेटवरच्या खिडकीत माझा अर्ज काढला. आतला माणूस वाचून दुसऱ्याला म्हणाला, ही त्या एकट्या ठेवलेल्या कुकची सासू. दोघं हसले. मी हसले नाही, पासपोर्ट पुढे केला. त्यांनी मोठ्या साहेबाला फोन केला. मोठ्या साहेबाने विचारलं, कायद्याने सासू आहात का? मी म्हटलं, “तुमच्या कायद्याचं मला माहीत नाही. आमच्याकडे सासू सांगते जावई कोण ते.” असं इंग्रजी मी आदल्या रात्री हेलनबाईंकडून घोटून घेतलं होतं. त्याने विचार करून सांगितलं, जाऊ द्या, थोडा वेळ.

भेटीच्या खोलीत प्लास्टिकचं टेबल, दोन खुर्च्या. मी बसले. थोड्या वेळाने पहाऱ्यावरची बाई एकटीच परत आली. धिप्पाड बाई, केस पांढरे, नाव शर्टावर होतं पण वाचता आलं नाही. म्हणाली, तो येत नाही म्हणतो.

“का?”

तिला सांगायला जड जात होतं. म्हणाली, “मी त्याला सांगितलं की तुझी सासू आलीय. त्याला वाटलं, आम्ही त्याची टिंगल करतोय. याआधी… असं झालेलं आहे. भिंतीकडे तोंड करून बसलाय.”

क्षितिज, मला तेव्हा कळलं तुमच्यावर तिथे काय काय गेलं असेल. तू लिहीत नव्हतास ते सगळं त्या एका भिंतीत आलं. ज्या नात्याने मी त्याला हाक मारली, तीच हाक त्याला मारायला वापरून झालेली होती.

मी डबा उघडला. वरच्या चारांतला, विमानतळावरून उरलेला एक अनारसा काढला, तिच्या हातात दिला. म्हटलं, “काही बोलू नका. हे फक्त दाखवा.”

ती गेली. मी विष्णुसहस्रनाम सुरू केलं आणि कुठे होते ते मध्येच विसरले. मग पावलं ऐकू आली. पुढे ती, मागे हा. तू म्हणतोस तसा उंच नाही तो. खांदे पाडून चालत होता, मोडलेला हात अंगाशी धरलेला. दुसऱ्या हातात अनारसा होता, जपून धरलेला, पाखरू धरतात तसा. दारात थांबला. मला नखशिखान्त पाहिलं, साडी, कुंकू, डबा. आवाज कोरडा पडला होता त्याचा, बोलायची सवय गेली असावी.

“अधिक महिना लागला?”

मी म्हटलं, “लागून संपतही आला. बसा.”

तो बसला आणि टेबलावर डोकं ठेवून असा रडला की त्या बाईने तोंड फिरवलं.  रडणाऱ्या माणसाला मध्ये मध्ये ‘रडू नका’ म्हणणारे मला आवडत नाहीत. झाल्यावर त्याने डोळे पुसले, तुकडा मोडला, खाल्ला. मग म्हणाला, “एका बाजूने जरा जास्त लाल झालाय, आई.”

“शेगडी विजेची आहे आमच्याकडे,” मी म्हटलं.

“तरी पण.”

तेव्हा मला तो आवडला.

वाण द्यायचं तर ओवाळायला हवं. निरांजन आणलं होतं, पण काडेपेटी गेटवर काढून घेतली होती. मी त्या बाईला विचारलं, एक काडी मिळेल? आग चालत नाही म्हणाली. मी निरांजन हातात धरून बसले. ती जरा घुटमळली, मग कमरेची बॅटरी काढली, पेटवली आणि उभी करून ठेवली टेबलावर, उजेड छताकडे. म्हणाली, “विल धिस डू?”

मी मनात विचारलं, देवा, चालेल का? आणि त्याने काही हरकत घेतली नाही. मी बॅटरीनेच ओवाळलं. कुंकू लावलं, तेहतीस अनारसे दिले, तुझ्या बाबांच्या मापाचा नवा शर्ट होता तो दिला. आखूड होईल असं वाटलं होतं, उलट लांब झाला. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “माझ्या घरी आईच्या हातचं ताट माझ्यापुढून भावाने ओढून घेतलं होतं. त्यानंतर आज.”   वेळ संपली होती. जाताना त्याने अनारशांतले दोन पहाऱ्यावरच्या बाईला दिले. मला आवडलं नसतं, वाण आहे ते. पण एकदा दिलं की ते त्याचं.

एक निरोप दिलाय: “त्याला सांगा, खरवडीची गोष्ट तिथे सांगायला नको होती. आता माझ्या हाताखालच्या सगळ्यांना कळेल.” हा विनोद असावा. तू ठरव.

साक्षीच्या वेळी तू समोरच होतास, त्यामुळे सगळं लिहीत नाही. प्रबोधला वाचायला तेवढं एकच लिहिते. तो हिंदीचा दुभाषा (मराठीचा मिळाला नव्हता) फार सभ्य होता. फेरविचाराच्या बाईंनी मला विचारलं ना, की मार्चमध्ये तुम्ही लिहिलंत गप्प राहा, आता वेगळं का सांगता? मी सांगितलं की मार्चमध्ये प्रबोध भिंतीकडे तोंड करून बसतो हे मला ठाऊक नव्हतं. गप्प राहणं म्हणजे तेच. कोणी आपल्या नात्याचं नाव घेतलं तर टिंगलच असणार असं धरून बसायचं, जन्मभर. माझ्या मुलाने आणि जावयाने असं जगू नये असं मला वाटतं. दुभाष्याने इंग्रजी करण्याआधी ‘दामाद?’ म्हणत माझ्याकडे पाहून खात्री केली. मी मान डोलावली.

तेवढंच मला जमण्यासारखं होतं. निकाल काय लागायचा तो लागो. विमानात शाकाहारी जेवण बरं होतं, भात मात्र कच्चा.

आई


॥ श्री ॥
क्लेमेंटी
९ सप्टेंबर १९९६

चि. क्षितिज व चि. प्रबोध, उभयतांस अनेक आशीर्वाद.

हेलनबाईंचा फॅक्स बाबांच्या यार्डात आला, दोघांचेही अर्ज मंजूर. बाबा तो कागद घडी न करता, हातात सपाट धरून घेऊन आले, बसमध्येही तसाच धरला म्हणे. मला दिला, म्हणाले, “वाच.” मी वाचला. देवाला साखर ठेवली. त्यांनी त्यातली चिमूटभर उचलून तोंडात टाकली आणि टीव्ही लावला.

तुम्ही हेलनबाईंच्या ओळखीच्या त्या आजींच्या घरामागच्या खोलीत आहात, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, प्रबोधना एका हॉटेलात भाजी चिरायचं काम मिळालंय, हे सगळं फोनवर कळलं. रात्री दिवा चालू ठेवूनच झोपतो म्हणालास तो. झोपू दे. बिलाची चिंता करू नका. हे मी लिहिते आहे, यावरून काय ते समजा.

खरं म्हणजे कालच्या फोनबद्दल लिहायला बसले आहे. तू शेजारी उभा होतास, तुला फक्त प्रबोधचं बोलणं ऐकू आलं असेल. इकडची बाजू मी सांगते.

मी पूजेला बसले होते, म्हणून फोन बाबांनी घेतला. “हॅलो,” म्हणाले. पलीकडून नाव सांगितलं गेलं हे मी त्यांच्या पाठीवरून ओळखलं. मला वाटलं, आता मला हाक मारतील, किंवा नुसताच ठेवतील. मी उदबत्ती हातात घेऊन तशीच बसून राहिले.

मग ते खुर्ची ओढून बसले, बनियनवर होते तर गळ्याशी हात नेऊन नसलेली कॉलर नीट केली, आणि म्हणाले, “बोला, प्रबोधराव. प्रवासाचा, आपलं हे, तिथला त्रास संपला ना? प्रकृती कशी आहे?”

प्रबोधराव! नीताच्या यजमानांनी आपल्या जावयाला म्हणावं तसं, तोलून मापून. तू पलीकडून ‘मला दे’ म्हणाला असणार, कारण हे घाईघाईने म्हणाले, “नको, नको, त्याला नका देऊ. त्याच्याशी माझं अजून… ते राहू दे. तुम्हीच बोला.”

तुला राग आला असेल. येऊ दे. माणूस मुलाशी अबोला धरू शकतो, त्याला सवय असते. जावयाशी अबोला धरायची पद्धत आपल्यात नाही, आणि तुझे बाबा पद्धत मोडणारे नव्हेत. त्यांना आत यायला तेवढंच दार उघडं होतं. ते तिथून आले.

गोत्र विचारतील असं मला वाटलं होतं. विचारलं नाही. थोडा वेळ हवा, थोडा वेळ पगार, आणि मग आवाज बारीक करून, मी पूजेत आहे, मला ऐकू जात नाही अशा समजुतीने म्हणाले:

“एक सांगून ठेवतो, प्रबोधराव. आमचे चिरंजीव चिडले की जेवत नाहीत. तेव्हा समजूत घालायला जायचं नाही, आणखी बिघडतं. ताट वाढून झाकून ठेवायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. थोड्या वेळाने उठून जेवतो. ताट गरम लागतं मात्र त्याला. तर झाकण घट्ट बसतंय ना, बघत जा.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, हे फक्त मला माहीत आहे.

तुमची
आई